लाइव्ह ॲट द हार्लेम स्क्वेअर क्लब, १९६३ : श्रोत्यांची मते

सोल म्हणजे चर्चमधल्या गायकीतून निघालेले कृष्णवर्णीय अमेरिकनांचे लोकप्रिय संगीत; त्यातला अमेरिकन गायक सॅम कुक (२२ जानेवारी १९३१ – ११ डिसेंबर १९६४) याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचा हा अल्बम. ध्वनिमुद्रण १२ जानेवारी १९६३ रोजी, शनिवारच्या रात्री, फ्लोरिडातील मायामी शहराच्या ओव्हरटाऊन वस्तीतल्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये झाले. अल्बम बाजारात आला तो थेट १९८५ मध्ये. मधली बावीस वर्षे त्याच्या फिती आरसीए व्हिक्टर या कंपनीकडे पडून होत्या आणि गायक जाऊन वीस वर्षे उलटली होती. लांबी जेमतेम ३७ मिनिटे. तरीही सोल संगीताच्या श्रोत्यांमध्ये इतक्या आवेशाने ज्यावर बोलले जाते असे अल्बम थोडेच आहेत. खरा सॅम कुक कोणता, कंपनीने फिती दाबून का ठेवल्या, कोणती आवृत्ती ऐकावी, असे वादाचे विषय वेगवेगळे दिसतात. पण प्रत्येक वाद पुरेसा ताणला की एकाच जागी येतो. समोर बसलेल्या माणसांचा गाण्यात वाटा किती, हीच ती जागा.

पार्श्वभूमी. कुकचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलचा, वाढ शिकागोतली. वडील धर्मोपदेशक होते. विशीच्या उंबरठ्यावर, १९५० च्या अखेरीस, तो ‘सोल स्टरर्स’ या नामांकित गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या) चमूचा प्रमुख गायक झाला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घडलेले गॉस्पेल एकट्याने गायचे नसते. पुढचा ओळ टाकतो, सभा ती झेलते, कधी शब्दाने, कधी टाळीने, कधी नुसत्या हुंकाराने. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी धृपद धरतात ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही देवघेव परकी वाटणार नाही. १९५७ मध्ये कुकने चर्चबाहेरची गाणी उघडपणे गायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ‘यू सेंड मी’ हे त्याचे गाणे सर्वसाधारण आणि कृष्णवर्णीयांच्या अशा दोन्ही लोकप्रियता याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेले. १९६० पासून तो आरसीएसाठी गाऊ लागला. स्टुडिओतल्या या ध्वनिमुद्रिकांमधला आवाज गुळगुळीत, हसरा, कुठेही न अडखळणारा आहे. मागे व्हायोलिने आहेत, गोड कोरस आहे. घराघरांतल्या गोऱ्या श्रोत्यांना हाच कुक माहीत होता.

रस्त्यावरचा कुक निराळा होता. गावोगावच्या कृष्णवर्णीय प्रेक्षागृहांत एकेका रात्रीचे कार्यक्रम करत तो वर्षातले कितीतरी महिने फिरत असे. १९६२ च्या शरद ऋतूत त्याने लिटल रिचर्डबरोबर इंग्लंडचा दौरा केला. प्रेक्षागृह पेटवून सोडणाऱ्या त्या गायकाच्या शेजारी रोज रात्री उभे राहिल्याने कुकच्या रंगमंचावरच्या गाण्याला धार चढली, असे त्याच्या चरित्राचे अभ्यासक सांगतात, आणि तीनच महिन्यांनी मायामीत मुद्रित झालेले गाणे ऐकताना ते पटते.

जागा. ओव्हरटाऊन ही वांशिक विभक्ततेच्या कायद्यांमुळे तयार झालेली वस्ती. मायामी बीचच्या आलिशान हॉटेलांत कृष्णवर्णीय कलावंतांना गायला बोलावत, पण त्याच हॉटेलात खोली देत नसत. गाणे संपले की ते खाडीपलीकडे ओव्हरटाऊनमध्ये मुक्कामाला येत आणि तिथल्या क्लबांत उत्तररात्री पुन्हा गात, या वेळी आपल्या माणसांसाठी. सेकंड अव्हेन्यूवर अशा क्लबांची रांगच होती. हार्लेम स्क्वेअर त्यांपैकीच एक. १९६० च्या दशकात याच वस्तीतून द्रुतगती महामार्ग नेले गेले, घरे आणि दुकाने पाडली गेली, हजारो कुटुंबे विस्थापित झाली. अल्बममधला गलका ऐकताना हे ध्यानात ठेवावे. तो ज्या वस्तीचा आवाज आहे ती वस्ती अल्बम प्रसिद्ध होण्याआधीच उद्ध्वस्त झाली होती.

अल्बममध्ये काय ऐकू येते. निवेदक कुकला ‘मिस्टर सोल’ म्हणून पुकारतो, बँड वाजू लागतो आणि पहिल्याच गाण्यात कळते की घसा बसल्यासारखा आहे. स्टुडिओतला मधाळपणा नाही. शब्दांच्या कडा खरखरीत आहेत. पण हा थकलेला घसा नव्हे. गॉस्पेल गायक सभेला हलवायचे ठरवतो तेव्हा मुद्दाम आवाजात अशी खर आणतो. कुकला ती कला पूर्वीपासून अवगत होती. स्टुडिओत ती वापरण्याची गरज पडली नव्हती एवढेच.

‘चेन गँग’ हे साखळदंडांत काम करणाऱ्या कैद्यांचे गाणे. त्यातला श्रमाचा हुंकार स्टुडिओच्या मुद्रणात साथीदारांकडून आला होता, इथे तो क्लबभर उठतो. ‘ट्विस्टिन द नाइट अवे’मध्ये तो लोकांना हातरुमाल काढून फिरवायला लावतो. सॅक्सोफोनवर किंग कर्टिस आहे आणि त्याचे वाजवणे ही या अल्बमची दुसरी गायकी म्हणावी इतके बोलके आहे : कुक श्वास घ्यायला थांबला की तेवढ्याच फटीत तो उत्तर देऊन जातो. गिटारवर क्लिफ व्हाइट आणि कॉर्नेल ड्युप्री, ढोलावर जून गार्डनर. चौघेही ठेका जरा पुढे खेचत वाजवतात, त्यामुळे ‘क्यूपिड’सारखे हळुवार गाणेसुद्धा इथे घाम गाळते.

अल्बमचा कळस मात्र एका गाण्यात नाही, दोन गाण्यांच्या मधल्या जागेत आहे. ‘समबडी हॅव मर्सी’ संपत आले असताना कुक बोलू लागतो. प्रेयसीशी भांडण झाले आहे, तिला फोन लावायचा आहे, टेलिफोन ऑपरेटर मध्ये येते. बोलता बोलता तो ‘यू सेंड मी’चे शब्द घेतो, पाच-सहा वर्षांपूर्वी ज्याने त्याला घराघरांत नेले तेच गाणे, आणि तेच शब्द इथे मखमलीऐवजी आरोळीसारखे निघतात. बायकांच्या किंकाळ्या चढत जातात, तो अजून थोडे रोखून धरतो, आणि मग ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ सुरू होते. ते उमटते तेव्हा सारे प्रेक्षागृह आधीच गात असते. अनेक श्रोते संपूर्ण अल्बमपैकी हीच काही मिनिटे पुन्हा पुन्हा ऐकतात. प्रस्तुत लेखकाचेही तसेच आहे. प्रवचनाची चढती भाजणी प्रेमाच्या गोष्टीसाठी वापरली की सोल कसे तयार होते, हे दाखवायला याहून चांगला नमुना सापडणे कठीण.

फिती का अडल्या. मूळ बेत ‘वन नाइट स्टँड’ या नावाने अल्बम काढायचा होता. मुद्रण ऐकल्यावर कंपनीला ते फार राकट, फार ओबडधोबड वाटले. गोऱ्या श्रोत्यांत कष्टाने उभी केलेली कुकची प्रतिमा त्याने डागाळेल अशी भीती होती. फिती कपाटात गेल्या. हा निर्णय चुकला होता हे त्याच वर्षी सिद्ध झाले, असे या अल्बमचे चाहते हटकून म्हणतात, आणि त्यांच्या हातातला पुरावा भक्कम आहे. जेम्स ब्राउन या दुसऱ्या सोल गायकाने ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधला आपला कार्यक्रम मुद्रित करून घेतला होता. त्याच्या कंपनीच्या मालकाला यात पैसा दिसत नव्हता, म्हणून खर्च ब्राउनने स्वतःच्या खिशातून केला. १९६३ मध्ये निघालेला तो अल्बम ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाच्या अल्बम यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. किंकाळ्या, घाम आणि गोंगाट यांसकट मैफल विकत घेणारे लोक होते. कुकच्या कंपनीला ते दिसले नाहीत. या म्हणण्याला एक मर्यादा मात्र आहे. ब्राउनचा श्रोता मुख्यतः कृष्णवर्णीय होता आणि त्याला गमावण्यासारखी दुसरी प्रतिमा नव्हती. कुकपाशी ती होती, आणि तिच्यासाठी तो स्वतःही झटत होता.

कोपा की हार्लेम. जुलै १९६४ मध्ये कुकने न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या उच्चभ्रू नाइटक्लबमध्ये कार्यक्रम केला. १९५८ मध्ये याच ठिकाणी त्याचा कार्यक्रम पडला होता, म्हणून ही खेप त्याच्यासाठी जिवाची होती. टाइम्स स्क्वेअरवर त्याचा भव्य फलकही लागला होता. त्यातून निघालेला ‘सॅम कुक ॲट द कोपा’ हा अल्बम त्याच्या हयातीतच प्रसिद्ध झाला. सूट, विनोद, जुनी रंगमंचीय गाणी, शिष्ट टाळ्या. दोन दशके लोकांच्या लेखी प्रत्यक्ष कार्यक्रमातला कुक म्हणजे हाच होता. १९८५ मध्ये आरसीएतले ग्रेग गेलर यांच्या हाती मायामीच्या फिती लागून अल्बम निघाला तेव्हा समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि लगोलग एक समीकरण रूढ झाले : कोपा म्हणजे मुखवटा, हार्लेम स्क्वेअर म्हणजे चेहरा. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ मध्ये केलेल्या सार्वकालिक ५०० अल्बमांच्या यादीतही तो आला.

हे समीकरण सुटसुटीत आहे, पण कुकवर अन्याय करणारे आहे. कोपाच्या बाजूने बोलणारे श्रोते संख्येने कमी असले तरी त्यांचा मुद्दा वजनदार आहे. ज्या व्यासपीठावर त्याच्यासारख्या गायकांना क्वचितच जागा मिळे, तिथल्या गोऱ्या श्रोत्यांना त्यांच्याच शिष्टाचारात जिंकणे ही १९६४ मध्ये लहान गोष्ट नव्हती. अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांत तो अल्बम अभिमानाने वाजला असणार. शिवाय हार्लेम स्क्वेअरमधले गाणे म्हणजे काही आपोआप फुटलेला झरा नव्हे. फोनचा तो प्रसंग, किंकाळीपूर्वीचा तो विराम, कुठे कुजबुजायचे आणि कुठे घसा फाडायचा, हे सारे रात्रीमागून रात्री घोटलेले आहे. राकटपणा म्हणजे सच्चेपणा आणि नीटसपणा म्हणजे तडजोड, ही रॉक संगीताच्या समीक्षेची सवय आहे. चर्चमधून आलेल्या गायकाला ती लागू पडत नाही. कुक दोन्हीकडे समोरच्या माणसांना ऐकूनच गात होता. समोरची माणसे वेगळी होती, म्हणून गाणे वेगळे झाले.

मिक्सिंगचा वाद. जाणकार श्रोत्यांत सर्वांत जास्त घासाघीस होते ती यावर. मिक्सिंग म्हणजे गायक, वाद्ये आणि प्रेक्षक यांच्या आवाजांचे प्रमाण ठरवून ते एकत्र मिसळणे; या अल्बमची अशी तीन मिश्रणे प्रचारात आहेत. १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत प्रेक्षकांचा आवाज भरपूर आहे. २००० मध्ये ‘द मॅन हू इन्व्हेंटेड सोल’ या संचात हा कार्यक्रम पुन्हा मिसळून दिला गेला तेव्हा प्रेक्षक खाली घेतले आणि गायक व वाद्ये पुढे आणली. २००५ च्या स्वतंत्र आवृत्तीत लोक परत आले; त्या रात्री प्रत्यक्ष जसे ऐकू आले असेल त्याच्या जवळ जाण्याचा तिचा दावा आहे.

२००० च्या मिश्रणाचे समर्थक म्हणतात की कुकची प्रत्येक हरकत, गिटारचा प्रत्येक ठोका स्वच्छ कळतो; गोंगाटाने झाकलेले बरेच काही पहिल्यांदा उघडे पडते. हे खरे आहे, आणि वाद्यांचा अभ्यास करणाऱ्याने तीच आवृत्ती घ्यावी. पण गाणे म्हणून ती अपुरी आहे. कुक ओळ अर्धी सोडतो तेव्हा उरलेली अर्धी लोक गातात. लोकांना खाली घेतले की ती ओळ तुटकी वाटते. तो एकाएकी का हसला, तोच शब्द चौथ्यांदा का घेतला, याचे कारण क्लबच्या त्या टोकाला कुणीतरी ओरडलेले असते. दाद काढून टाकलेली मैफल जशी निर्जीव वाटते तसेच हे.

आक्षेपही आहेत आणि ते टाळण्यासारखे नाहीत. आवाज काही ठिकाणी फाटतो, ध्वनिक्षेपक भार सोसत नसल्याचे जाणवते. गाणी थोडी, वेळ त्याहून थोडा. स्टुडिओतल्या कुकच्या तलम गायकीवर ज्यांचा जीव आहे, त्यांना इथे त्याची नाजूक फिरत खरखरीखाली गाडली गेल्याचे वाईट वाटते. त्यांनी हळव्या गाण्यांच्या जोडगीतातले ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ आधी ऐकावे. तिथे कुक आवाज उतरवतो आणि लोकांना गायला सांगतो. आधी बिचकत, मग एका सुरात, सारा क्लब हळूच गाऊ लागतो. किंचाळणारी हीच माणसे काही क्षण जवळजवळ कुजबुजत गातात, आणि कुक त्यांच्या आवाजावरून हलकेच आपली नक्षी काढत जातो. २००५ च्या आवृत्तीत, कानाला हेडफोन लावून ऐकले, तर त्या समूहातला एकेक गळा वेगळा ओळखू येतो.