एंजल ट्री

एंजल ट्री ही मुळात अमेरिकेतली ख्रिसमसची भेटयोजना. नोव्हेंबर लागला की मॉलमध्ये, चर्चमध्ये, ऑफिसच्या लॉबीत एक ख्रिसमस ट्री उभं करतात आणि त्याला कागदाच्या चिठ्ठ्या अडकवतात. एक चिठ्ठी म्हणजे एक मूल, ज्याच्या आईवडिलांना यंदा ख्रिसमसला नवीन काही घ्यायला परवडणार नाहीये. येणारं-जाणारं कुटुंब त्यातली एखादी चिठ्ठी काढून घेतं, तिच्यावर लिहिलेले कपडे, बूट, खेळणी विकत आणतं आणि ठरलेल्या तारखेच्या आत नेऊन देतं. देणाऱ्याला मूल दिसत नाही, मुलाला देणारा दिसत नाही, आणि माझ्या मते या योजनेतली खरी अक्कल इथेच आहे. यातली सगळ्यात माहितीतली योजना साल्व्हेशन आर्मीची, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं जिला मुक्तिफौज म्हणतात त्या ख्रिस्ती संस्थेची. याच नावाची दुसरी एक योजना तुरुंगातल्या कैद्यांच्या मुलांसाठी आहे, लोक दोन्हींची सर्रास गल्लत करतात, म्हणून तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

सुरुवात

१९७९ साली व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावात चार्ल्स आणि शर्ली व्हाइट हे नवरा-बायको मुक्तिफौजेत मेजर होते (या संस्थेत धर्मकार्य करणाऱ्यांना लष्करी हुद्दे असतात, कॅप्टन, मेजर, सगळ्यात वर जनरल). गावातल्या मॉलवाल्यांशी बोलून त्यांनी तिथे झाड लावलं, हॉलमार्क कंपनीची देवदूतांची चित्रं असलेली ग्रीटिंग कार्डं घेतली आणि कोणत्या मुलाला काय हवंय ते त्यांच्यावर लिहून ती झाडाला टांगली. पहिल्याच वर्षी ७०० च्या वर मुलांना भेटी मिळाल्या. तीनेक वर्षांनी व्हाइट दांपत्याची बदली टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला झाली, तिथे डब्ल्यूएसएम रेडिओ स्टेशन मदतीला आलं, आणि लॅरी किंग, जो पुढे सीएनएनमुळे जगभर माहीत झाला पण तेव्हा रेडिओवर शो करायचा, त्याच्या कार्यक्रमात याचा विषय निघाला. तो शो देशभर ऐकला जायचा, त्यामुळे एका गावापुरती असलेली गोष्ट बघता बघता सगळीकडे गेली. यात कुठलं मोठं प्लॅनिंग नव्हतं, मॉलची वर्दळ आणि रेडिओ या दोन गोष्टींनी काम झालं.

त्याआधीची पद्धत

एंजल ट्रीचं वेगळेपण कळायचं असेल तर याच संस्थेची आधीची पद्धत बघायला पाहिजे. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ मॅकफी नावाच्या कॅप्टनने गरिबांना ख्रिसमसचं जेवण घालायचं म्हणून बंदरावर एक मोठं पातेलं तिकाटण्यावर टांगलं आणि लोकांना त्यात पैसे टाकायला सांगितलं. अमेरिकेत आजही दुकानांच्या दारात लाल पातेलं आणि घंटा वाजवणारा माणूस दिसतो तो यातूनच आलेला. पैसे जमायला लागले तसं जेवणही मोठं होत गेलं, आणि १८९९ च्या ख्रिसमसला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो गरिबांची पंगत बसली, आणि वरच्या गॅलरीत बसून शहरातले पैसेवाले लोक तिकीट काढून ती पंगत बघत होते. हो, तिकीट काढून.

त्या वेळी अमेरिकेतल्या मुक्तिफौजेचा प्रमुख होता फ्रेडरिक बूथ-टकर, आणि हा माणूस आपल्या इतिहासातलाही आहे. बिहारमधल्या मुंगेरचा जन्म, इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधली नोकरी, ती सोडून तो मुक्तिफौजेत गेला आणि १९ सप्टेंबर १८८२ रोजी चार-पाच जणांची पहिली तुकडी घेऊन मुंबईच्या बंदरात उतरला. भगवे कपडे, अनवाणी पाय, फकीर सिंग असं नाव, भिक्षा मागून राहणं, असा सगळा प्रकार त्याने इथे केला. नंतर संस्थापक विल्यम बूथची मुलगी एमा हिच्याशी लग्न झालं आणि १८९६ मध्ये दोघांना अमेरिकेची जबाबदारी मिळाली. भारतात स्वतः भिक्षा मागून राहिलेल्या माणसाच्या कारकिर्दीत गरिबांच्या जेवणाचं तिकीट विकलं गेलं, हे वाचताना जरा खटकतंच. अर्थात पैसा उभा राहिला आणि लोक जेवले, हेही तितकंच खरं.

काम कसं चालतं

नावनोंदणी ख्रिसमसच्या बरीच आधी, बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच होते. आई किंवा वडील स्थानिक केंद्रात किंवा ऑनलाइन अर्ज करतात, सोबत स्वतःचं ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाची कागदपत्रं. वयाची अट साधारण १२ वर्षांपर्यंतची, पण प्रत्येक केंद्र आपापलं ठरवतं त्यामुळे शेजारच्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) नियम वेगळा असू शकतो. एका घराने दोन संस्थांकडे नाव घातलंय का हेही बऱ्याच गावांत तपासतात.

मग चिठ्ठी तयार होते. तिच्यावर आडनाव नाही, पत्ता नाही, शाळा नाही. फक्त पहिलं नाव किंवा नुसता नंबर, वय, मुलगा की मुलगी, कपड्यांचा आणि बुटांचा साइझ, एक गरजेची गोष्ट आणि एक आवडीची. म्हणजे साधारण असं: मुलगी, ७ वर्षं, शर्ट ८, बूट १, गरज थंडीचं जॅकेट, आवड चित्रकलेचं सामान आणि बाहुली. बास. पण एवढ्या तीन ओळींत माणूस अडकतो, कारण ज्याच्या घरी सात वर्षांची पोर आहे तो ती चिठ्ठी परत झाडावर ठेवूच शकत नाही. लोक बहुतेक वेळा आपल्या मुलांच्या वयाचीच चिठ्ठी शोधतात आणि खरेदीला मुलांनाच सोबत नेतात, तुझ्या एवढी एक मुलगी आहे, तिच्यासाठी तू निवड. साइझचा अंदाज पटकन येतो हा आणखी एक फायदा, ज्यांना मुलं नाहीत त्यांची ४टी (टी म्हणजे टॉडलर, अगदी लहान मुलांचा साइझ) आणि ५ यातला फरक समजेपर्यंत दुकानात पार दमछाक होते.

आणलेल्या वस्तू डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत द्यायच्या, मूळ चिठ्ठी पिशवीला चिकटवून. चिठ्ठी हरवली की पिशवी कोणाची ते कळतच नाही, म्हणून स्वयंसेवक त्याबाबतीत फार काटेकोर असतात. गोडाउनमध्ये (बऱ्याचदा एखादं बंद पडलेलं दुकानच महिनाभर वापरायला मिळालेलं असतं) जमिनीवर नंबर टाकलेले असतात, एकेका घराच्या पिशव्या एकेका नंबरावर, भावंडांच्या एकत्र. मग कोणी तरी प्रत्येक पिशवी उघडून बघतं, बूट राहिला का, तिघांपैकी एकालाच सायकल आणि बाकीच्यांना मोजे असा प्रकार झालाय का, आणि कमी असेल तिथे साठ्यातून भर घालतं. वाटपाच्या दिवशी पालक नंबर घेऊन येतात आणि पिशव्या घेऊन जातात. मुलांना सोबत आणू नका असं बऱ्याच ठिकाणी आधीच सांगितलेलं असतं.

भेट गुंडाळायची नाही, हा नियम नव्या माणसाला विचित्र वाटतो. चमकदार कागद, रिबन यात तर ख्रिसमसची अर्धी मजा, आणि इथे म्हणतात तसंच द्या. एक कारण तपासणीचं, गुंडाळलेल्या खोक्यात काय आहे ते कळणार कसं. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कागद लावायचं काम आईवडिलांसाठी राखून ठेवलेलं असतं, काही केंद्रं तर पिशवीसोबत कागदाचा रोलही देतात. रात्री मुलं झोपल्यावर आई बसून ते गुंडाळणार आणि सकाळी ते आईबाबांनी दिलेलं किंवा सांताने आणलेलं असणार. संस्थेचं नाव नाही, देणाऱ्याचं नाव नाही. मुलाला बिचाऱ्याला आपण कोणाच्या तरी यादीत होतो हे कळायचं कारणच नाही.

उरलेल्या चिठ्ठ्या

दरवर्षी थोड्या चिठ्ठ्या झाडावरच राहतात, आणि त्याहून त्रासदायक म्हणजे लोकांनी उत्साहात नेलेल्या आणि परत न आलेल्या. घरी फ्रिजवर लावली, कामात विसरली, तारीख गेली. या मुलांना अमेरिकेत विसरलेले एंजल म्हणतात आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्यासाठी धावपळ चालते. पटकन उचलली जाते ती बाळांची आणि तीन-चार वर्षांच्या मुलांची चिठ्ठी, कारण छोटे फ्रॉक आणि टेडी घ्यायला सगळ्यांनाच आवडतं. मागे राहतात ते ११-१२ वर्षांचे मुलगे. त्यांना हेडफोन हवा असतो, ब्रँडचे बूट हवे असतात, आणि चिठ्ठीवर तसं लिहिलेलं दिसलं की काही देणाऱ्यांचं डोकं फिरतं, गरिबाला एवढं महाग कशाला. खरं तर त्या वयात वर्गातल्या पोरांसारखंच आपल्यालाही हवं असतं, त्यात गरीब-श्रीमंत काही नसतं. आणि चिठ्ठीवर लिहिलेलं सगळंच घेतलं पाहिजे अशी सक्ती कुठेही नसते.

कैद्यांच्या मुलांचं एंजल ट्री

दुसरी योजना १९८२ मध्ये अलाबामा राज्यात मेरी के बिअर्ड या बाईंनी सुरू केली. या बाई स्वतः बँक लुटण्याच्या गुन्ह्यात तुरुंगात राहून आलेल्या. आत असताना त्यांनी बघितलं होतं की ख्रिसमसला चर्चवाले कैदी बायकांना साबण, शॅम्पू, टूथपेस्ट वाटतात आणि बायका ते स्वतः न वापरता साठवून, गुंडाळून, भेटायला येणाऱ्या मुलांना देतात, कारण द्यायला दुसरं काही नसतंच. सुटून आल्यावर प्रिझन फेलोशिप या संस्थेत त्या काम करायला लागल्या (ही संस्था चार्ल्स कोल्सनची, जो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा सल्लागार होता आणि वॉटरगेटच्या राजकीय भानगडीत तुरुंगात जाऊन आला होता). बिअर्डबाईंनी मॉलमध्ये झाडं लावली आणि पहिल्या वर्षी ५५६ मुलांपर्यंत भेटी पोचवल्या. इथे अर्ज आतला कैदी करतो, खरेदी आणि पोचवणं बाहेरचं चर्च करतं, आणि भेटीवर आईचं किंवा बापाचं नाव असतं, सोबत दोन ओळींचा निरोप. नाव असल्यामुळे मुलाला कळतं की बाबा आत असला तरी त्याला आपली आठवण आहे. ही योजना धर्मप्रचाराशी उघड जोडलेली आहे, भेटीसोबत बायबलचा संदेशही जातो, आणि टीका होते तीही त्यावरच.

इतर योजना

टॉइज फॉर टॉट्स यापेक्षा जुनी. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेच्या मरीन दलाच्या राखीव तुकडीतला मेजर बिल हेंड्रिक्स याला बायकोने हाताने शिवलेली बाहुली दिली आणि गरजू मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला दे म्हणाली. अशी संस्था सापडेना, तेव्हा ती म्हणाली मग तूच काढ. त्या वर्षी त्याच्या तुकडीने ५,००० खेळणी जमवली, आणि पुढे वॉल्ट डिस्नेने त्यांच्या पोस्टरसाठी छोट्या आगगाडीचं चित्र करून दिलं, ती आगगाडी आजही त्यांचं चिन्ह आहे. सुरुवातीला जुनी खेळणी गोळा करून मरीन सैनिक ती दुरुस्त करायचे, रंगवायचे, १९८० पासून मात्र फक्त नवीन खेळणी घेतात. इथे खेळणी ढिगाने जमतात आणि ढिगाने वाटली जातात, विशिष्ट मुलासाठी विशिष्ट वस्तू हा भाग नाही. बुटाच्या खोक्यात छोट्या भेटी भरून परदेशात पाठवायची ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड ही योजना १९९० मध्ये वेल्समधल्या रेक्सममधून निघाली. तिच्यावरचा आक्षेप असा की खोकं जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला जो खर्च येतो त्यात तिथल्याच बाजारातून जास्त वस्तू आल्या असत्या, आणि मला तो पटतो.

एंजल ट्रीवरही आक्षेप आहेत. अर्जाची कागदपत्रं गोळा करताना ज्यांच्याकडे धड पत्ता नाही अशी घरं गळतात. काही जणांचं म्हणणं, सरळ पैसे द्या, काय घ्यायचं ते आईबाप बघतील. मुद्दा चुकीचा नाही, पण पैशाचं आवाहन केलं तर ऑफिसमधला माणूस खिशातले सुटे देऊन मोकळा होतो, आणि सात वर्षांच्या मुलीचं जॅकेट म्हटलं की तोच माणूस तीन दुकानं फिरतो.

मराठी घरं आणि आपल्याकडे

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची या झाडाशी ओळख बहुतेक ऑफिसमधून किंवा मुलांच्या शाळेतून होते. घरात ख्रिसमस नसला तरी चिठ्ठी आणायला काही अडचण येत नाही, आणि दिवाळी नुकतीच झालेली असते त्यामुळे मुलांना नवीन कपड्यांचा विषय समजावून सांगावा लागत नाही.

गोव्यात नाताळला दोदोल, बेबिंका, नेवऱ्यांची ताटं शेजारीपाजारी पाठवायची रीत आहे, ज्या घरी त्या वर्षी कोणी वारलंय तिथे गोड करत नाहीत म्हणून शेजारी आवर्जून देतात, पण ती देवाणघेवाण ओळखीतली, एंजल ट्रीचा प्रकार नाही. त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे मुंबई-पुण्याच्या कंपन्यांमधलं विश ट्री. २००९ मध्ये जॉय ऑफ गिव्हिंग वीक सुरू झाला, त्यालाच आता दानउत्सव म्हणतात आणि तो २ ते ८ ऑक्टोबरला असतो, आणि त्यात ही झाडं दिसायला लागली, काही ठिकाणी डिसेंबरमध्येही लावतात. चिठ्ठीवर दप्तर, वॉटर बॅग, क्रिकेटची बॅट, कधी कधी नुसती कंपासपेटी. फरक वाटपात आहे. आपल्याकडे बऱ्याचदा कर्मचारी बस करून संस्थेत जातात, मुलांना रांगेत उभं करतात, प्रत्येकाच्या हातात भेट देताना फोटो होतो आणि संध्याकाळपर्यंत तो सोशल मीडियावर असतो. ज्या संस्थांना हे नको असतं त्या आधीच सांगतात की वस्तू ऑफिसमधून आमच्या टेम्पोत चढवून द्या, पुढचं आम्ही बघतो.