सॉफ्ट कोरल: पद्धत बर्लिनची, हवा रत्नागिरीची

जकार्तातल्या ली चिन इंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली, तेव्हा घरच्या खाऱ्या टँकमधलं प्रवाळ म्हणजे ब्लीच करून पांढरा केलेला सांगाडा असायचा, शोभेपुरता. जिवंत प्रवाळ फार दिवस टिकत नसे, मग ते कठीण असो की दगडी सांगाडा न करणारं मऊ, म्हणजे सॉफ्ट कोरल. त्यात माशांच्या रोगावर सर्रास तांबं घालायचे, आणि माशाला सोसणाऱ्या तांब्याच्या मात्रेनं प्रवाळ मरतं. इंग यांच्या टँकला यंत्र एकच, हवेचा पंप. वाळू, पाणी आणि जीवजंतूंनी भरलेला सच्छिद्र दगड हे सगळं समुद्रातून आणलेलं. त्या दगडाच्या वरच्या थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, आतल्या बिनहवेच्या छिद्रांतले त्याच नायट्रेटचा नायट्रोजन करून सोडून देतात.

कोकणात हे वाचलं की वाटतं, समुद्र तर दारातच आहे. पण कायदा आडवा येतो, आणि तो योग्यच आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, सी फॅन, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दगडावर बोटभर कठीण प्रवाळ चिकटलेलं असलं तरी प्रकरण तिथंच जातं. तेव्हा खडपावरून दगड उचलायचा नाही. टँकसाठी बनवलेला कोरडा सच्छिद्र दगड घ्यायचा, बाटलीतले जिवाणू सोडायचे आणि अमोनिया, नायट्राइट शून्यावर येईपर्यंत चार-सहा आठवडे थांबायचं. घराच्या गडग्यातला जांभा चालत नाही: त्यात चुना नाही, लोह मात्र भरपूर.

पाण्याचंही तसंच. जूनपासून खाड्यांचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्याला पसरतं आणि क्षारता हजारी ३५ वरून कुठल्या कुठे उतरते. म्हणून मिठाचं तयार मिश्रणच बरं, आरओच्या लिटरभर पाण्याला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम. मिठागरातलं मीठ वापरून भागत नाही, कारण आगरात मिठाचे खडे धरले की मॅग्नेशियम बहुतेक मागच्या कडू पाण्यातच राहतं.

आज आपण वापरतो ती घडी बसली १९७० नंतर, बर्लिनमध्ये. पीटर विल्केन्स, डिट्रिश श्ट्यूबर यांच्यासारख्यांनी जिवंत दगडाला दमदार स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि भरपूर उजेड जोडला. अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी दुसरीच लाट आणली: हवेशीर भरणावरून पाणी ठिबकवणारा फिल्टर. त्यात अमोनिया झटकन जाई, पण बिनहवेची जागाच नसल्यानं नायट्रेट साचत राही. कठीण प्रवाळं त्यात कुढत, लेदर कोरल आणि मशरूम यांसारखी मऊ मंडळी तगत. ‘सॉफ्ट कोरलला घाण पाणी आवडतं’ हा समज अशाच टँकांतून पसरला असावा.

तो अर्धाच खरा आहे. पाणी घाण नको, पण अगदी धुतलेलंही नको. प्रवाळाच्या अंगातल्या शैवालाला नायट्रोजन लागतो. नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवावं. मोठा स्किमर लावून दोन्ही शून्यावर नेलं तर झेनिया हे मऊ प्रवाळ विरघळायला लागतं आणि वाळूवर तपकिरी, चिकट धागे धरतात. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), आठवड्याला १० टक्के पाणीबदल. एवढ्यावर कॅल्शियमचा वेगळा डोस बहुधा लागत नाही.

सार्कोफायटन हे लेदर कोरल मधूनच पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) आत ओढून घेतं, वरचा भाग वॉर्निश मारल्यासारखा चकचकतो, आणि नवखा माणूस घाबरून औषध ओततो. काही करू नये. तीन ते दहा दिवसांत कांद्याच्या पापुद्र्यासारखी मेणचट साल सुटते. ती अडकली तर पंपाचं तोंड जरा तिकडे वळवावं. प्रवाह मंद असेल तर सालीखाली शेवाळ धरून मांस कुजतं. याच प्रवाळातून १९७० च्या दशकात सार्कोफाइन हे रसायन वेगळं काढलं गेलं. असली रसायनं शेजाऱ्याला रोखायला पाण्यात सुटतात. म्हणून १०० लिटरला ५० ग्रॅम सक्रिय कोळसा ठेवावा आणि दर तीन आठवड्यांनी बदलावा.

बर्लिनकरांना हीटर लागत होता, आपल्याला उलटं. पृष्ठभागावर पंखा मारून १ लिटर पाणी उडालं की १०० लिटरमधून सुमारे ६ अंशांची उष्णता निघते. मार्चपर्यंत हे छान चालतं. पावसाळ्यात हवाच ओलीचिंब, पाणी उडत नाही, पंखा नुसता फिरतो आणि टँक २९-३० वर जातो. तिथं चिलरच हवा. २५-२६ वर लावावा.

त्याच दमट हवेत मिठाची उघडी पिशवीही बसते. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड ओल ओढतात, गठ्ठे होतात, आतल्या आत चुना साकळतो, आणि पाणी कालवल्यावर अल्कलिनिटी दोन-तीन डीकेएचनं कमी भरते. मीठ झाकणाच्या पिंपात ठेवावं आणि गठ्ठा झालेलं टाकून द्यावं.

वीज गेली की शेवटी इंग यांचाच पंप उपयोगी पडतो, फक्त बॅटरीवरचा. तो टँकच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर बॅटरी संपताच पाणी नळीतून उलटं येऊन आधी पंपात आणि मग जमिनीवर उतरतं.