सिग्नस, ओलोर आणि आपला हंस

थंडी पडली की खटाव तालुक्यातल्या येरळवाडी तलावावर 'राजहंस आले' म्हणून फोटो फिरू लागतात. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या दिसल्या, की पक्षीनिरीक्षक लगेच दुरुस्ती करतात: हा पट्टकादंब, म्हणजे कादंबाची (इंग्रजी 'गूज') एक जात. हंस म्हणजे सिग्नस (इंग्रजी 'स्वान'), तो वेगळा.

या सिग्नसचीही गंमत आहे. ग्रीक 'किक्नोस' लॅटिनने उसना घेतला, तोच सिग्नस; लॅटिनचा घरचा शब्द 'ओलोर'. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसच्या 1758 च्या वर्गीकरणात हंस, कादंब आणि बदकं एकाच दावणीला होती. गटाचं नाव 'आनास', म्हणजे बदक. 1764 मध्ये सिग्नस हे स्वतंत्र प्रजातिनाम, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, झालं. त्याचं श्रेय मात्र कितीतरी काळ 1803 च्या जर्मन लेखकाला मिळत राहिलं. आधी छापलेलं नाव ज्याचं, श्रेय त्याचं, या नियमाने ते पुढे सुधारलं गेलं. नारिंगी चोचीवर काळं टेंगूळ असलेल्या हंसाला 1789 मध्ये 'ओलोर' हे जातिनाम, म्हणजे दुसरा शब्द, मिळालं होतं. तो सिग्नसमध्ये आल्यावर नाव झालं 'सिग्नस ओलोर': हंस हंस, एकदा उसन्या शब्दात, एकदा घरच्या. आपलं 'कागदपत्र' असंच झालंय: कागद उसना, पत्र घरचं. 'सिग्नस सिग्नस' हे आणखी एका हंसाचं नाव तर उघड द्विरुक्ती. प्राण्यांच्या नावात ती चालते, वनस्पतींच्या नाही.

खरा गुंता 'हंस' या शब्दाचा. संस्कृत हंस आणि लॅटिन 'अन्सर' यांचं मूळ एक. लॅटिनमध्ये सुरुवातीचा ह गळाला. जर्मन 'गान्स' आणि इंग्रजी 'गूज' त्याच कुळातले. अन्सर म्हणजे कादंब. सिग्नसचं या शब्दाशी काही नातं नाही. खरे सिग्नस भारतात क्वचित, तेही वायव्येकडे भरकटून येतात. कॅलेंडरवरच्या सरस्वतीशेजारचा लांब, वळणदार मानेचा पांढरा पक्षी मात्र बहुतेक वेळा सिग्नसच असतो. शब्द आपला, चित्र परक्या पक्ष्याचं. त्या चित्रावरून गावकऱ्यांची चूक काढणं मला तरी पटत नाही. रब्बीच्या रानात कोवळे कोंब खुडणाऱ्या थव्याला ते हंस म्हणतात, ते शब्दाच्या मुळाला धरूनच.

पट्टकादंबाला 1790 मध्ये 'इंडिका' हे विशेषण मिळालं, तेही आनासमध्येच. पुढे तो अन्सरमध्ये गेला आणि 'अन्सर इंडिकस' झाला. मराठीत शब्दशः, भारतीय हंस.