‘डॉट ओआरजी’ म्हणजे भरवशाची साइट?

प्रकल्पाची वही भरताना मुलांना हमखास सांगितलं जातं: ‘डॉट कॉम’ नको, ‘डॉट ओआरजी’ असेल तर माहिती खरी. तसं नाही. १९८५ पासूनचं हे नाव ना-नफा संस्थांशी जोडलं गेलं खरं, पण घेणाऱ्याची कागदपत्रं कुणी मागत नाही. डोमेन, म्हणजे साइटचे पत्ते, विकणाऱ्या साइटवर स्वतःचं आडनाव ‘डॉट ओआरजी’ लावून टाकून पाहा. शिल्लक असेल तर पैसे भरले की तुमचं. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ची गोष्ट वेगळी, ते सरकारी यंत्रणांनाच मिळतं.

मग पारख कशी करायची? ‘आमच्याविषयी’ वाचून फारसं कळत नाही (स्वतःबद्दल वाईट कोण लिहील?). दुसरा टॅब उघडा, साइटचं नाव शोधा. ती कोण चालवतं, पैसा कुठून येतो, यावर इतरांनी काय लिहिलंय ते आधी वाचा.