तालीम (बडोदे)

तालीम : कुस्ती, जोर-बैठका, जोडी (दोन हातांनी फिरवायचे लाकडी मुद्गल), मल्लखांब यांची रोजची मेहनत जिथे चालते ती जागा, आणि ती मेहनतही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवण. मराठीत तो आखाड्याला चिकटला, नाटकाच्या सरावालाही चिकटला. गुजरातीत मात्र कुठल्याही प्रशिक्षणाला तालीमच म्हणतात. त्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजारातला मराठी मुलगा ‘तालमीला चाललो’ म्हणाला, तर शेजारच्या गुजराती काकांनी ‘कसल्या?’ असे विचारणे अगदी रास्त ठरते.

बडोद्यात हा शब्द निघाला की जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव येतेच. जुम्मादादा मुसलमान वस्ताद. त्यांचे मराठी शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूचे नाव पुढे चालवले. एकेकट्याने करायचे देशी व्यायाम रांगेत उभ्या केलेल्या मुलांकडून देशी हुकमांवर एकदम करून घेण्याची पद्धत माणिकरावांनी बसवली. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, १९०७ ते १९१० या काळात त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावरचा परिणाम उपकरणांनी मोजायला घेतला.

तालमीतल्या हौदात, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यात, चाळलेली तांबडी माती असते. तीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवतात. नवख्याला डाव शिकायची घाई असते, पण त्याच्या हाती आधी फावडे येते. हौद उकरताना कंबर आणि खांदे भरून येतात, हीच पहिली मेहनत. माती कपाळाला लावून उतरायचे. मग जोर, बैठका, जोडी. डाव पुढे कधीतरी. जोरांचा आकडा मुलाने नव्हे, वस्तादाने ठरवायचा आणि तोही सावकाश चढवायचा.

या सावकाशीला शरीरशास्त्राचा आधार आहे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः स्नायू फुगल्यामुळे नव्हे. आहे त्याच स्नायूतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला मज्जासंस्था शिकते. स्नायू भरतात नंतर, आणि तेही विश्रांतीत व झोपेत. सराव थांबला की दम दोन-चार आठवड्यांत उतरू लागतो. ताकद त्यामानाने टिकते. एका दिवसाचा खाडा अंगाला कळतही नाही, पण दुसऱ्या पहाटे अंथरूण सोडवत नाही. वस्ताद खाड्यावर चिडतो तो त्या दुसऱ्या पहाटेसाठी.

मनाची कसोटी मल्लखांबावर अधिक उघडी पडते. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी कुस्तीला पूरक म्हणून या व्यायामाला नवे रूप दिले. खांबाला एरंडेल लावलेले, डोके खाली, पाय वर. पकड सुटली तर काय, हा विचार डोक्यात येतोच. ही भीती समजावून जात नाही. शिकवणारा खाली हात धरून उभा राहतो, तीच उडी पुन्हा पुन्हा करवून घेतो आणि एके दिवशी न सांगता हात काढून घेतो.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक अजस्र दगड आहे. गामा पहिलवानाने तो १९०२ मध्ये उचलला असे सांगतात आणि वजन १२०० किलो सांगतात. जमिनीवरून लोखंड उचलण्याचा आजचा विक्रम याच्या निम्म्यालाही पोचत नाही, तेव्हा हा आकडा जपूनच घ्यावा. ६७१ मिनिटांचा आकडा मात्र धावपुस्तिकेतला आहे. बडोद्याचे क्रिकेटपटू अंशुमन गायकवाड १९८३ मध्ये जालंधरच्या कसोटीत पाकिस्तानविरुद्ध इतका वेळ खेळपट्टीवर उभे राहिले आणि २०१ धावा करून परतले. ते तालमीतले नव्हते, पण हे काम तालमीच्याच जातीचे.

आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत. मातीतली कुस्ती बराच वेळ चालू शकते, पाय रुततात, खडाखडीला, म्हणजे पकडीआधी एकमेकांना अजमावायला, सवड मिळते. मातीत घडलेल्या मल्लाला गादीवर आला की पायांची चाल आणि दम, दोन्ही नव्याने बसवावे लागतात.