मॉनिटरवरचा आकडा सुधारला म्हणजे पेशंट सुधारला का?

कोविडनंतर मुंबईत घराघरात ऑक्सिमीटर आला आणि आपण सगळेच आकडे वाचायला शिकलो. आता आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलेला नातेवाईक, मग ते सायन हॉस्पिटल असो की अंधेरीचं एखादं कॉर्पोरेट, पहिला प्रश्न हाच विचारतो की सॅच्युरेशन किती, बीपी किती, शुगर किती. त्यात चूक काहीच नाही. फक्त गेल्या पंचवीसेक वर्षांत आयसीयूवर जे मोठे ट्रायल (पेशंटचे गट पाडून उपचारांची तुलना) झाले, त्यातल्या काहींनी एक विचित्र गोष्ट दाखवलीय. आकडा छान करायच्या नादात माणूस जाऊ शकतो.

व्हेंटिलेटरचं बघा. पुष्कळांना वाटतं हे मशीन फुफ्फुसं बरी करतं. तसं नसतं, ते हवा आत ढकलतं आणि शरीराला सावरायला वेळ मिळवून देतं, बस. आता जोरदार न्यूमोनिया झाला, किंवा आपल्याकडे पावसाळ्यात होतो तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) बिघडला, तर फुफ्फुसातल्या बारीक पिशव्यांत पाणी भरतं, याला डॉक्टर एआरडीएस म्हणतात. फुफ्फुसाचा बराच भाग बंदच होतो. बारा डब्यांच्या विरार लोकलचे आठ डबे बंद आहेत आणि गर्दी मात्र तेवढीच, तर उरलेल्या चार डब्यांचं काय होईल हे मुंबईकराला सांगायला नको. पूर्वी डॉक्टर दर श्वासाला किलोमागे १२ मिलीच्या आसपास हवा द्यायचे, कारण त्यानं रक्ताचे रिपोर्ट चांगले यायचे. मग अमेरिकेत ८६१ पेशंटवर ट्रायल झाला, निकाल आला २००० साली. कोणाला १२ मिली द्यायचे आणि कोणाला ६, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं, म्हणजे डॉक्टरची आवडनिवड मध्ये येत नाही. १२ वाल्या गटात जवळपास ४० टक्के लोक गेले, ६ वाल्यात ३१ टक्के. आणि खरी मेख इथे आहे, सुरुवातीच्या दिवसांत ऑक्सिजनचा आकडा १२ वाल्यांचाच जास्त चांगला होता! आकडा वर जात होता आणि आतून उघडी राहिलेली फुफ्फुसं ताणून ताणून फाटत होती.

(हे किलो म्हणजे वजनकाट्यावरचे नव्हेत बरं का, उंचीवरून काढलेले. वडापाव खाऊन पोट वाढतं, फुफ्फुस नाही वाढत. साडेपाच फुटी माणसाला ६ मिलीच्या हिशोबाने एका श्वासाला पावणेचारशे मिलीच्या आसपास हवा मिळते, मग तो सडपातळ असो की शंभर किलोचा.)

सलाईनची गोष्ट तर आपल्या अजून जवळची. "डॉक्टर, एक बाटली लावा ना, अंगात ताकद येईल" हे आपल्याकडच्या कुठल्याही छोट्या दवाखान्यात ऐकू येतं. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी, ताकद कुठून येणार. पण शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्तच पोचत नाही अशा पेशंटला भराभर सलाईन द्यायचं हे जगभर मान्य होतं. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तापाने गंभीर झालेल्या ३ हजारांवर मुलांवरच्या ट्रायलचा निकाल आला. काहींना सुरुवातीलाच भरपूर द्रव दिला, काहींना नाही. पहिल्या तासात शॉकची लक्षणं सुधारलेली मुलं द्रववाल्या गटातच जास्त होती, कुठलाही डॉक्टर बघून खूश झाला असता. ४८ तासांनी मोजलं तेव्हा द्रववाल्यांत साधारण १०.५ टक्के मुलं दगावली होती, न दिलेल्यांत ७.३ टक्के. या ट्रायलमध्ये जुलाब-उलट्यांची मुलं घेतलीच नव्हती, त्यामुळे कोणी जुलाबात सलाईन नको असा अर्थ काढू नका. डेंग्यूतही द्रव लागतोच, पण मोजूनमापून, कारण रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी दोनेक दिवसांनी परत रक्तात येतं आणि तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर श्वास लागतो.

शुगरचंही तेच. २००९ मध्ये ६ हजारांवर आयसीयू पेशंटवरच्या ट्रायलचा निकाल आला, ज्यांची शुगर इन्सुलिनने घट्ट धरून १०८ च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला ते १८० पर्यंत चालवून घेतलेल्यांपेक्षा जास्त दगावले, २७.५ टक्के विरुद्ध २४.९. रक्ताबद्दल १९९९ च्या कॅनडातल्या ट्रायलने दाखवलं की हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं तरी १० च्या वर ठेवण्यापेक्षा वाईट काही होत नाही. म्हणजे अर्ध्या रात्री डोनर शोधत व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकायची पाळी कितीतरी वेळा टळू शकते. रक्तस्राव चालू असेल किंवा हार्टचा पेशंट असेल तर मात्र वेगळा हिशोब.

आणि पालथं झोपवणं, जे २०२० मध्ये गल्लीतल्या पोरालाही माहीत झालं. उताणं झोपल्यावर हृदयाच्या आणि सुजेच्या वजनाखाली पाठीकडचं फुफ्फुस दबतं, पालथं केलं की ते उघडतं आणि हवा सगळीकडे जरा सारखी पसरते. हे काही कोविडमध्ये सुचलेलं नाही. २०१३ सालच्या ट्रायलमध्ये, बहुतेक फ्रान्समधल्या ४६६ गंभीर एआरडीएस पेशंटपैकी रोज किमान १६ तास पालथं ठेवलेल्यांत २८ दिवसांत १६ टक्के दगावले, उताण्यांत ३२.८. मजा म्हणजे नंतर त्याच माहितीत खोदून पाहिलं तर पालथं केल्यावर ज्यांचा ऑक्सिजनचा आकडा फारसा हललाच नाही त्यांनाही फायदा झाला होता. म्हणजे फायदा आकड्यातून आलाच नव्हता, फुफ्फुसावरचा ताण कमी झाला त्यातून आला असावा.

याला ना महागडं इंजेक्शन लागतं ना नवीन मशीन. पण नळ्या लावलेला माणूस उलटा करायला चार-पाच जण लागतात, एक जण फक्त डोक्याशी, घशातली नळी धरून. व्हेंटिलेटर देणगीत मिळतो आणि त्याचा फोटोही छापून येतो, रात्री तीन वाजता हे पाच जण कुठून आणायचे हा प्रश्न मात्र नेहमी वॉर्डातल्या सिस्टरवरच येऊन पडतो.