कुकडी नदी

भीमेच्या खोऱ्यातील घोड नदीची उपनदी. उगम पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, चावंड किल्ल्याजवळील पूर गावाच्या परिसरात. येथे कुकडेश्वराचे दगडी शिवमंदिर आहे. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालये बांधल्याचा उल्लेख ताम्रपटांत येतो. ती बारा नद्यांच्या उगमांवर होती व कुकडेश्वर त्यांपैकी एक, ही मात्र परंपरा. मंदिराचा काळ केवळ तिच्या आधारे ठरविणे धाडसाचे होईल. जुन्नर शहरावरून नदी पूर्वेस वाहते, पुढे काही अंतर पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांची सीमा होते आणि शेवटी घोडला मिळते. माणिकडोह व येडगाव ही धरणे तिच्यावर आहेत.

बोरी बुद्रुक येथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर आढळतो. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे येथील लाव्हा थिजून झालेला काळा खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यामानाने हा गाळ अगदी अलीकडचा. तेव्हा राख बाहेरून आली हे उघड आहे. वाद आहे तो तिच्या वयाचा. किरणोत्सारी पोटॅशियमच्या ऱ्हासावरून वय काढणाऱ्या पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने प्रथम सुमारे १४ लाख वर्षे, नंतर तिच्याच सुधारित अशा अरगॉन-अरगॉन पद्धतीने सुमारे ६.७ लाख वर्षे असे वय निघाले. राखेतील काचकणांच्या रासायनिक घटनेवरून काहींनी ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविली. टोबाच्याच सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाकडेही बोट दाखविले जाते. जुन्या बेसाल्टचे कण नमुन्यात मिसळले, तर वय फुगते. म्हणून १४ लाखांचा आकडा सावधपणेच घ्यावा लागतो. रासायनिक जुळणीचा पुरावा त्याहून वजनदार वाटतो. राखेच्या सान्निध्यात सापडलेल्या अश्युलियन हत्यारांचा (आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी इत्यादींचा) काळ याच प्रश्नात अडकला आहे. राख तरुण असेल, तर हत्यारे जुन्या थरांतून वाहून आलेली असू शकतात.

निघोज (ता. पारनेर) व टाकळी हाजी (ता. शिरूर) यांच्या दरम्यान पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्ट कोरला जाऊन ते बनतात. स्थानिक लोक त्यांना कुंड म्हणतात; जवळच मळगंगा देवीचे स्थान आहे. ‘आशियात सर्वांत मोठे’ हे त्यांना सर्रास लावले जाणारे बिरुद पडताळून घ्यावे असे आहे.

काठावर बगळे, पाणकावळे, खंड्या, टिटवी दिसतात. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्यात बिबट्या स्थिरावला. ऊसतोडीच्या वेळी फडात त्याची पिले सापडतात. माणिकडोह येथे बिबट्या निवारा केंद्र आहे.